तुम्ही स्वतः कधी फसलात का?

नागपूरच्या त्रिमूर्ती नगरातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत मी महिन्या-दोन महिन्यांतून जाऊन बोलतो. विषय ठरलेला, मोबाइलवरची फसवणूक. त्या दिवशी लग्नपत्रिकेचं चाललं होतं. व्हॉट्सअॅपवर ओळखीच्या नंबरवरून आग्रहाचं निमंत्रण येतं, पण फाइलच्या नावाच्या शेपटाला पीडीएफ नसतं, एपीके असतं. म्हणजे ती पत्रिका नव्हेच, अॅप. ते टाकलं आणि मेसेज वाचायची परवानगी दिली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी तिकडचा माणूस वाचतो. मी अगदी रंगात आलो होतो. तेवढ्यात शेवटच्या खुर्चीवरून एक काकाजी उठले.

"ते समदं ठीक आहे भाऊ. पण तुम्ही सोता कधी फसले का नाही, ते सांगा."

हशा पिकला. मीही हसलो, "आमचं कामच ते, काकाजी" असं काहीतरी पुटपुटलो आणि पुढच्या स्लाइडवर गेलो. हा प्रश्न मला सगळीकडे भेटतो. मुलीच्या शाळेत, सासुरवाडीला, एकदा तर ऑटोत. दर वेळी मी स्लाइड बदलतो. आज एकदाचं सांगून टाकतो: हो, फसलो. चांगला फसलो.

पण आधी काम काय करतो ते सांगायला हवं. इन्फर्मेशन सिक्युरिटी इंजिनिअर म्हटलं की लोकांना काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं पळताना दिसतात. आमच्या इमारतीतल्या एका वहिनींनी लिफ्टमध्ये हळूच विचारलं होतं, "यांचं व्हॉट्सअॅप उघडून देता का?" नाही देत. मिहानमधल्या एका कंपनीत बसून मी दिवसभर याद्या वाचतो. कोण कुठून आत आलं, कुठल्या मशीनवर कुठला जुना प्रोग्राम पडून आहे, नोकरी सोडून वर्ष झालेल्या कोणाचं खातं अजून जिवंत आहे. उरलेल्या वेळात लोकांच्या मागे लागतो. यातलं दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड.

उदाहरणार्थ पॅच, म्हणजे प्रोग्राममधली भोकं बुजवणारी दुरुस्ती. मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, अमेरिकेतल्या सकाळी. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते, म्हणून आमचा वार बुधवार. बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी "दोन तास मशीन बंद ठेवा" म्हटलं की तिथले साहेब म्हणतात, "चालून राहिलं ना? मंग हात कायले लावता?" मी त्यांना वॉनाक्राय नावाच्या व्हायरसची गोष्ट सांगतो. १२ मे २०१७ ला त्याने जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद केले, इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांना ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. आणि ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा पॅच १४ मार्चलाच आलेला होता. जवळपास दोन महिने आधी! साहेब मन लावून ऐकतात, चहा मागवतात आणि दिवाळीनंतरची तारीख देतात.

कधीकधी तर चोराचा काही संबंधच नसतो. २३ सप्टेंबर २०२३ ला रात्रीच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि आसपासच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा एका क्लायंटचा सर्व्हर बेसमेंटमध्ये होता. बॅकअप शेजारच्याच रॅकवर. बॅकअप दुसऱ्या जागी हलवा असं मी तीनदा लेखी दिलं होतं. ती पत्रंही त्याच बेसमेंटमधल्या कपाटात होती म्हणे.

तर आता माझं.

जूनचा मध्य होता. मृग लागून आठवडा झाला तरी पाऊस नव्हता, नुसता उकाडा. हवेत ओल असल्यामुळे कुलरचाही उपयोग नाही, असे ते दिवस. नोकरदार माणूस त्या दिवसांत आणखी एका गोष्टीची वाट बघत असतो, फॉर्म १६ ची, म्हणजे पगारातून कापलेल्या कराच्या दाखल्याची. कंपनीने तो १५ जूनपर्यंत द्यायचा असतो. मी संध्याकाळी खापरीहून मेट्रोत बसलो आणि मेल आला: तुमचा फॉर्म १६ तयार आहे, इथून उतरवून घ्या. पाठवणारा आमच्याच अकाउंट्समधला. नाव त्याचं, पत्ता त्याचा, सहीखालचा एक्स्टेन्शन नंबरही बरोबर. कारण मेल खरोखर त्याच्याच मेलबॉक्समधून आला होता. तो बिचारा दुपारीच फसला होता, हे नंतर कळलं.

दाबलं. लॉगिनचं पान आलं, कंपनीच्या लोगोसकट. माझा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड सांभाळणारा प्रोग्राम, एरवी आपणहून पासवर्ड भरतो, त्या दिवशी भरेना. आता हे नीट वाचा, कारण हे वाक्य मी स्वतः शंभर जणांना शिकवलं आहे: पासवर्ड मॅनेजर लोगो बघत नाही, वेबसाइटचा पत्ता बघतो. तो गप्प बसला तर तुम्हीही थांबा. मी थांबलो का? छे. "याला आत्ताच काय झालं" म्हणून त्याच्यावर वैतागलो, हाताने पासवर्ड कॉपी केला, चिकटवला. ओटीपी आला, तोही दिला. गाडी उज्ज्वल नगरला उभी होती. पान गरगर फिरलं आणि माझा नेहमीचा इनबॉक्स उघडला. फॉर्म १६ कुठेच नाही.

मधल्यामध्ये झालं काय, तर ते पान म्हणजे भिंत नव्हती, नळी होती. मी टाकलेला पासवर्ड त्याने त्याच क्षणी खऱ्या सर्व्हरकडे पाठवला. खऱ्या सर्व्हरने मला खरा ओटीपी पाठवला, तोही मी नळीतूनच दिला. मग सर्व्हरने "हा माणूस आपला" म्हणून जी खूण दिली, आमच्या भाषेत सेशन, ती मधल्याने स्वतःजवळ ठेवली. मेळ्याच्या गेटवर तिकीट दाखवल्यावर मनगटावर शिक्का मारतात ना, तसं. मग आत-बाहेर करताना तिकीट कोणी विचारत नाही. तिकीट माझं, रांगेत मी, आणि शिक्का त्याच्या मनगटावर. ओटीपी असला म्हणजे निर्धास्त, असं समजणाऱ्यांनी हा शिक्का लक्षात ठेवावा. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली, ही त्यावरची खरी तोड, कारण ती ज्या पत्त्यासाठी बनवली त्याच पत्त्याला उत्तर देते, दुसऱ्या पानाने कितीही लोगो लावले तरी ओळख दाखवत नाही. आमच्याकडे पासकी आणायचा प्रस्ताव तेव्हा तयार होता. मीच लिहिलेला. मंजुरीसाठी पडून होता.

छत्रपती चौकाला मी पत्त्याची पट्टी बोटाने सरकवून पूर्ण वाचली. कंपनीच्या नावाच्या मध्ये एक आडवी रेघ होती आणि शेवट भलताच. पोटात खड्डा पडला.

आता तुम्ही म्हणाल, लगेच ऑफिसात फोन केला असेल. दर मंगळवारी नव्या मुलांना हेच तर सांगतो: काही दाबलं गेलं तर आधी फोन, मग पश्चात्ताप. अजनी चौक गेला. मी फोन हातात धरून होतो. मनात काय चाललं होतं तर, आधी नीट खात्री करू. रहाटे कॉलनीला पासवर्ड बदलला आणि स्वतःला सांगितलं, झालं की, मिटलं. मिटलं नव्हतं. पासवर्ड बदलला म्हणून आधी मारलेला शिक्का पुसला जाईलच असं नाही, तो वेगळा रद्द करावा लागतो, आणि तो अधिकार टीमकडे. हेही मला ठाऊक होतं. काँग्रेस नगर. सीताबर्डीला गाडी बदलली. झाशी राणी चौक. शेजारी एक कॉलेजचा पोरगा रील बघत होता आणि मला वाटत होतं की यालासुद्धा कळलंय. मी शंकर नगर चौकात, घर यायच्या कितीतरी आधी, उतरलो आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन फोन लावला.

त्या संध्याकाळी डेस्कवर आमच्या टीममधली सगळ्यात लहान मुलगी होती, वर्ध्याची. मीच तिला वर्षभर शिकवलं होतं. सगळं ऐकल्यावर तिने एकच विचारलं.

"सर, किती वाजता?"

"आत्ताच. पाच-दहा मिनिटं झाली असतील."

पंधरा वर्षांच्या नोकरीत मी लॉगशी, म्हणजे कोण कधी आत आलं त्या नोंदींशी, कधी खोटं बोललो नव्हतो. ती काही म्हणाली नाही. कीबोर्डचा आवाज आला, मग म्हणाली, "सगळी सेशन्स बंद केली सर. तुमच्या खात्यात ६:४१ चं लॉगिन दिसतंय परदेशातल्या पत्त्यावरून. ६:४९ ला एक रूल बनलाय."

घड्याळात तेव्हा ७:०४ झाले होते.

रूल म्हणजे मेलबॉक्समधली सूचना: ज्या मेलमध्ये इनव्हॉइस किंवा पेमेंट हे शब्द असतील ते इनबॉक्समधून उचलून आरएसएस फीड्स नावाच्या, वेबसाइटवरच्या बातम्यांसाठी असलेल्या फोल्डरमध्ये टाक. तुमच्यापैकी कोणी तो फोल्डर आयुष्यात उघडलाय का? कोणीच उघडत नाही, म्हणूनच तो निवडतात. तिकडे बसून चोर तुमचा पत्रव्यवहार वाचतो आणि योग्य बिल आलं की तुमच्याच नावाने लिहितो, "आमचं बँक खातं बदललं आहे, रक्कम या नव्या खात्यात टाका." आमच्याकडे बिलं देणाऱ्या मावशींचा एक साधा नियम आहे: खातं बदलल्याचा मेल आला की आधीपासून वहीत असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. एखाद्या वेळी माझ्या सगळ्या यंत्रणा गेल्या असत्या तरी त्या वहीने पैसे वाचवले असते. तेवढी वेळ आली नाही. फोल्डरमध्ये तीन मेल सापडले, बाहेर काही गेलं नव्हतं.

रात्री आणखी दोन कामं झाली. घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेला कळवावं लागतं, एप्रिल २०२२ च्या निर्देशांपासून. ते कळवलं. आणि अकाउंट्समधल्या त्या माणसाला फोन केला. त्याला दुपारीच संशय आला होता. "म्हटलं उद्या सकाळी येऊन सांगतो सर, तुम्ही रागावाल." मी त्याला काय बोलणार होतो?

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने घटनेचा फॉर्म पाठवला. सगळे रकाने भरलेले, वेळा सेकंदापर्यंत. "कळवायला लागलेला वेळ" यापुढे तिने २३ मिनिटं लिहिलं होतं. माझी पाच-दहा मिनिटं कुठेच नव्हती. त्याखालचा "उशिराचं कारण" हा रकाना मात्र कोरा, आणि बाजूला टीप: "सर, हे तुम्ही भरा."

मी आधी लिहिलं, मेट्रोत नेटवर्क नव्हतं. ओटीपी आला होता त्या नेटवर्कवर! खोडलं. मग लिहिलं, "लाज वाटली."

तिने काय केलं, फॉर्मच्या पुढच्या आवृत्तीत तो रकाना मोकळा न ठेवता कारणांची यादी दिली. मीटिंगमध्ये होतो, खात्री करत होतो, कोणाला सांगायचं माहीत नव्हतं, आणि चौथं, लाज वाटली. कोणी हसेल म्हणून मी ते काढायला सांगणार होतो, राहून गेलं. गेल्या महिन्यात स्टोअर्समधल्या एकाने तेच निवडलं. कळवायला लागलेला वेळ, ९ मिनिटं.

काकाजी, पुढच्या बैठकीला येतो आहे. स्लाइड बदलणार नाही.