तुम्ही विचारलंत म्हणून: फॉर्मातला गडी बाहेर का बसतो?

क्रिकेट वर्ल्डकपचा संघ जाहीर झाला की त्या दिवशी मला शाळेतून घरी पोचायला अर्धा तास जास्त लागतो. गांधी चमनजवळच्या टपरीवर कोणी ना कोणी अडवतंच. "सर, एवढा फॉर्मात होता तो, त्याला काऊन नाही घेतलं?" मी जालन्यात क्रीडा शिक्षक आहे. शालेय स्पर्धांसाठी जिल्ह्याचा संघ निवडायला बरीच वर्षं बसलोय. तेवढ्यावरून लोकांना वाटतं, सरांना आतलं काहीतरी माहीत असणार. आतलं मला काडीचं माहीत नाही. यादीतून एक नाव खोडताना काय होतं, तेवढं माहीत आहे. आता २०२७चा वर्ल्डकप दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात आहे आणि टपरीवर प्रश्न आत्ताच सुरू झालेत. म्हणून एकदाच काय ते सांगून टाकतो.

आधी फॉर्मचं बघू. टपरीवर फॉर्म म्हणजे परवाचा स्कोअर. त्यातही आयपीएल ताजी असली तर विचारूच नका, वीस चेंडूंत पन्नास मारणारा प्रत्येकजण आपल्याला पन्नास ओव्हरच्या संघात हवा असतो. पण वनडेत ११ ते ४० या तीस ओव्हरमध्ये सर्कलबाहेर चारच फिल्डर असतात, आणि तिथे एक-दोन काढत, स्पिनरला जम बसू न देता डाव पुढे नेणारा माणूस लागतो. हे काम वेगळं आहे. निवड समिती त्या कामाला माणूस शोधते, आपण आकड्याला शोधतो. पंधरा जणांत दोन कीपर, तीन-चार फास्ट बॉलर, दोन-तीन स्पिनर, ऑलराउंडर असे बसवत गेलं की राहिलेल्या जागा किती, हे बोटांवर मोजून बघा. आणि हे सगळं महिनाभर आधी. पाण्यात म्हैस अन् बाहेर मोल.

तरीही २०१९ मला अजून पटलेलं नाही. अंबाती रायुडूला चौथ्या नंबरसाठी तयार केलं होतं. फेब्रुवारीत वेलिंग्टनला आपले चार गडी १८ धावांत गेले असताना त्याने ९० काढल्या आणि सामनावीर झाला. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध घरच्या मैदानावर १३, १८ आणि २. तीन डाव! १५ एप्रिलला संघ आला त्यात विजय शंकर होता, कारण तो तीन अंगांनी, 'थ्री डायमेन्शन्स'मध्ये, उपयोगी पडतो असं समितीच्या अध्यक्षांनी, एमएसके प्रसाद यांनी, सांगितलं. रायुडूने वर्ल्डकप बघायला थ्रीडी चष्मे मागवल्याचं ट्वीट केलं, ते तुम्हाला आठवत असेलच. पुढे शिखर धवनचा अंगठा मोडला तेव्हा त्याच्या जागी पंत गेला, विजय शंकर जखमी झाला तेव्हा एकही वनडे न खेळलेला मयंक अग्रवाल गेला. रायुडूने ३ जुलैला निवृत्ती जाहीर केली. आठवड्याभरात मँचेस्टरला सेमीफायनलमध्ये रोहित, राहुल, कोहली तिघंही एकेका धावेवर परतले आणि धोनी सातव्या नंबरला आला. १८ धावांनी हरलो.

विजय शंकरला उगंच शिव्या देऊ नका बरं. पाकिस्तानविरुद्ध जखमी भुवनेश्वरची अर्धी राहिलेली ओव्हर टाकायला आला आणि वर्ल्डकपमधल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर त्याने विकेट घेतली. त्या पोराने काय करायचं होतं, निवडलं म्हणून नाही म्हणायचं?

त्या संघाचे बॅटिंग कोच होते संजय बांगर, जन्म बीडचा. स्पर्धेनंतर त्यांची जागा गेली. हेच बांगर २००३च्या वर्ल्डकप संघात होते आणि एकही सामना न खेळता परतले. त्यांच्यासारखाच सगळी स्पर्धा बाहेर बसून काढलेला दुसरा एकजण म्हणजे अजित आगरकर. २०२३चा संघ जाहीर करायला निवड समितीचे अध्यक्ष म्हणून रोहितच्या शेजारी बसले होते ते हेच आगरकर. बाहेर बसणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

आणि एक. समिती पंधरा निवडते. अकरा कोण, हे मैदानावर ठरतं. २०२३ला मोहम्मद शमी पहिले चार सामने बाहेर होता, कारण आठव्या नंबरला थोडी बॅटिंग करणारा हवा होता, आधी अश्विन, मग शार्दूल. पुण्यात हार्दिकचा घोटा मुरगळला, शमी आत आला आणि सात सामन्यांत २४ विकेट. त्याआधी आशिया कपमध्ये श्रेयस अय्यरची पाठ ऐनवेळी धरली म्हणून राहुल खेळला आणि पाकिस्तानविरुद्ध नाबाद १११. दोघांच्या बाबतीत दार उघडलं ते दुसऱ्याच्या दुखण्याने.

आता माझं सांगतो, कारण खरं उत्तर तिथेच आहे.

एका वर्षी चाचणीत सलामीची तीन पोरं आली. मॅटिंगवर तिघांनीही चांगल्या धावा केल्या. त्यातल्या एकाच्या पॅडचा पट्टा तुटलेला होता, तिथे त्याने सुतळी बांधली होती आणि प्रत्येक ओव्हरनंतर वाकून ती आवळत होता. मी दोघं घेतले. उरलेली जागा ऑफस्पिन टाकणाऱ्याला दिली, कारण आमच्याकडे स्पिनरच नव्हता. सुतळीवाला राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेच्या फाटकाशी उभे. मोंढ्यात हमाली करायचे, खांद्यावरचं पोतं नुकतंच टाकून आल्यासारखे घामेजलेले. भांडायला आले असते तर सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "सर, लेकराचं काय चुकलं तेवढं सांगा. मी दुरुस्त करून घेतो त्याच्याकडून."

चुकलं काहीच नव्हतं. जागा नव्हती. पण समोर हात जोडलेला माणूस असताना "जागा नव्हती" हे वाक्य मला फार हलकं वाटलं, काहीतरी वजनदार सांगावं म्हणून मी बोलून गेलो, "पाय हलत नाहीत त्याचे." पुढे महिनाभर ते पोरगं पहाटे मैदानावर खडूने रेघा मारून एकटंच पाय पुढे-मागे करत होतं. जो दोष नव्हताच, तो काढत होतं. आणि खरंच त्याची बॅटिंग बिघडली. मी रोज हजेरीला जाताना बघत होतो आणि गप्प होतो.

थ्रीडीचं वाक्य ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा ते फाटक आठवलं. वगळणं माणूस पचवतो. वगळल्याला चिकटवलेलं कारण पचत नाही.

आमच्या जालन्याचाच विजय झोल घ्या. २०११ला कूचबिहार ट्रॉफीत, म्हणजे राज्यांच्या अंडर-१९ स्पर्धेत, आसामविरुद्ध नाबाद ४५१. याहून मोठा फॉर्म तुम्ही मला दाखवा! २०१४च्या अंडर-१९ वर्ल्डकपला तो भारताचा कॅप्टन होता आणि त्याच्या हाताखाली संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव खेळत होते. २०२३च्या वर्ल्डकपला अय्यर आणि कुलदीप होते, सॅमसन नव्हता, आणि विजयला सीनियर संघाची टोपी मिळालीच नाही. याचं कारण मला टपरीवर उभ्या उभ्या विचारू नका. मी आता कारणं बनवत नाही.

सुतळीवाल्याचं आता मोबाईलचं दुकान आहे. पाय हलत नाहीत ही थाप होती, हे मी त्याला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. तो हसला, मग थोडा वेळ काचेवरची धूळ पुसत राहिला. वडील तेव्हा नव्हते. आता संघ जाहीर झाला की तो यादी वाचतो, न निवडलेल्या नावावर बोट ठेवतो आणि विचारतो, "सर, ह्याचे तरी पाय हलतात का हो?"