ग्रंथसूचीच्या निमित्ताने वेब आणि एआय शिकताना

आमच्या तालुक्याच्या गावातील वाचनालयासाठी २०१३ मध्ये मी पीएचपी आणि जेक्वेरी ही वेब-प्रोग्रॅमिंगची साधने वापरून ग्रंथसूचीचे एक साधे संकेतस्थळ बांधले होते. २०२० मध्ये ते नव्याने बांधायला घेतले, तेव्हा मला येत असलेल्या गोष्टींपैकी फार थोड्या उपयोगाच्या उरल्या होत्या. पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसमधील ग्रिड ही मांडणीची पद्धत २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत आली होती आणि ती शिकायला आठवडाही लागला नाही. रिअ‍ॅक्ट या पानाचे भाग बांधणाऱ्या जावास्क्रिप्टच्या साधनाने मात्र बरेच महिने घेतले.

अडचण अशी होती, की रिअ‍ॅक्टमध्ये फेब्रुवारी २०१९ मध्ये हुक्स, म्हणजे साध्या फंक्शनमध्येच स्टेट (पानाने लक्षात ठेवलेली माहिती) वापरण्याची सोय, आली आणि त्यानंतर लिहिण्याची पद्धतच बदलली. मी पाहत असलेले अर्धे धडे जुन्या क्लास पद्धतीचे होते आणि अर्धे नव्या पद्धतीचे. दोन्हींची सरमिसळ करून मी पुस्तकांची यादी मागवणारा कोड लिहिला आणि तो थांबेचना. उत्तर आले की स्टेट बदलत असे, स्टेट बदलली की पान पुन्हा रेंडर होत असे (म्हणजे नव्याने काढले जात असे) आणि पान रेंडर झाले की तीच विनंती पुन्हा सर्व्हरकडे जात असे. तेव्हा रिअ‍ॅक्ट बाजूला ठेवून मी दोन महिने केवळ जावास्क्रिप्ट शिकलो: प्रॉमिस (नंतर येणाऱ्या उत्तराची राखलेली जागा) म्हणजे काय, इव्हेंट लूप कामांचा क्रम कसा ठरवतो, एखादे फंक्शन बाहेरचे चल (व्हेरिएबल) कसे धरून ठेवते. परत आल्यावर तोच कोड सुधारायला एक संध्याकाळ पुरली. हा क्रम आधी कळला असता तर बराच वेळ वाचला असता, असे मला आजही वाटते.

खरे शिक्षण मात्र शोधाच्या चौकटीने केले. 'शेतकऱ्यांची' हा शब्द टाकला की काही पुस्तके सापडत आणि काही, नावात तोच शब्द दिसत असूनही, सापडत नसत. नोंदी वेगवेगळ्या कीबोर्डांवर झाल्या होत्या. त्यातला अर्धा 'र' काही ठिकाणी 'ऱ' आणि हलन्त असा साठवला होता, तर काही ठिकाणी साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसत, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द होते. युनिकोड या अक्षरांच्या संकेतप्रणालीचे प्रमाणित सामान्यीकरणही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची प्रक्रिया) या दोन रूपांना एक करत नाही, त्यामुळे नोंद साठवताना आणि शोधताना एक रूप दुसऱ्यात बदलणारा नियम मला स्वतः लिहावा लागला. त्याच काळात हेही कळले, की 'नमस्कार' हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा वाटतो, जावास्क्रिप्ट हलन्त आणि काना वेगळे मोजून त्याची लांबी सात सांगते आणि यूटीएफ-८ या साठवण पद्धतीत तो २१ बाइट जागा घेतो. माझ्या जुन्या संकेतस्थळावर लांब शीर्षकांच्या शेवटी चौकोन का उमटत, याचा उलगडा इतक्या वर्षांनी झाला: मी शीर्षके बाइट मोजून कापत होतो, त्यामुळे शेवटचे अक्षर मध्येच तुटत असे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि मी कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधन वाचायला लागलो. सुरुवातीला रोज सकाळी आर्काइव्ह या संशोधन निबंधांच्या संकेतस्थळावरील नव्या निबंधांची शीर्षके आणि सारांश वाचण्याचा नेम केला. तीन आठवड्यांनी मला शंभर नावे ठाऊक झाली होती, पण एकही कल्पना समजावून सांगता येत नव्हती. मग तो नेम सोडला आणि ज्या २०१७ च्या निबंधातून ट्रान्सफॉर्मर, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या प्रतिमानांची (मॉडेलांची) रचना, आली तेवढा एकच निबंध घेऊन बसलो. तीन शब्दांचे वाक्य आणि दोन-दोन आकड्यांचे सदिश (आकड्यांच्या याद्या) घेऊन अटेन्शनचे, म्हणजे प्रत्येक शब्दाने इतर शब्दांना किती महत्त्व द्यायचे याचे, गणित वहीत हाताने सोडवले. गुणाकारातून आलेले आकडे सदिशाच्या मितीच्या (त्यातील आकड्यांच्या संख्येच्या) वर्गमुळाने का भागतात, हे मला असे सोडवतानाच समजले. मिती वाढली की ते आकडे फार मोठे होतात, जवळजवळ सगळे वजन एकाच शब्दाकडे जाते आणि मग प्रतिमानाचे शिकणे खुंटते. टोकनीकरण, म्हणजे मजकुराचे तुकडे पाडणे, त्या मानाने सोपे गेले, कारण बाइटांचा हिशोब मी आधीच करून बसलो होतो. बाइटांपासून टोकन बनवणाऱ्या आणि मुख्यतः इंग्रजी मजकुरावर घडलेल्या प्रतिमानांत मराठी वाक्याचे अधिक तुकडे का पडतात, हे मला त्या २१ बाइटांवरून लगेच दिसले.

पुढे वाचनालयाच्या सूचीत अर्थावरून शोध घालायचा ठरवले आणि त्यासाठी पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधक गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेले महाएसबर्ट हे मराठी वाक्यांचा अर्थ सदिशात मांडणारे प्रतिमान वापरले. 'दुष्काळ' शोधल्यावर शीर्षकात तो शब्द नसलेली, पाणीटंचाईवरची पुस्तकेही समोर आली, तेव्हा मला फार आनंद झाला. लेखकाच्या नावाने शोधणाऱ्यांना मात्र भलतीच नावे दिसू लागली, म्हणून आता शब्दशोध आणि अर्थशोध दोन्ही चालवून त्यांचे निकाल एकत्र करतो.

काय वाचायचे ते आता ग्रंथपालबाईंच्या वहीवरून ठरते. ज्या शोधांना काहीच सापडले नाही, ते त्या वहीत लिहून ठेवतात आणि दर रविवारी त्यातल्या एका अडचणीशी संबंधित एकच निबंध मी वाचतो. सध्या वहीत सर्वाधिक नोंदी मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी लिहून शोधणाऱ्या वाचकांच्या आहेत, त्यामुळे माझे वाचन लिप्यंतरावर चालू आहे.