ऊसफवारणीच्या ड्रोनचे बॅटरी पॅक सायकलवर: ओडो ६१२

मागची नोंद टाकली तेव्हा सायकलचा ओडोमीटर १८० दाखवत होता. तेवढ्यात ४३२ किलोमीटर झाले, एक बॅलन्स प्लग (पॅकच्या एकेका सेलला बारीक वायरींनी जोडलेला प्लग) जळाला, आणि एक पॅक परड्यात रात्रभर बल्ब पेटवून संपला. क्रमानं सांगतो.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. जुनी स्टीलची सायकल, मागच्या चाकात २५० वॉटची हब मोटर, मोटरला करंट सोडणारा ४८ व्होल्टचा कंट्रोलर, १५ अँपियरला बांधलेला. वेग ताशी २५ च्या आत अडवलाय, म्हणजे नोंदणी आणि लायसनची भानगड नाही. पॅक मात्र सायकलचे नाहीत. शिरोळकडं उसावर ड्रोननं फवारणी करणाऱ्या मित्राकडून ६एस (म्हणजे सहा सेल एकापुढं एक), १६००० मिलीअँपियर-तासांचे तीन लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर पॅक, उचलले. त्यांना मी क, ख, ग म्हणतो. दोन सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढं एक, जोडले की १२एस होतात, ४४.४ व्होल्ट. तिसरा राखीव.

मित्राच्या लेखी ते मेलेले होते. टाकी भरलेला ड्रोन उचलायला ८० अँपियर लागत असतील, तर आतला रेझिस्टन्स ७ मिलीओहम झालेला सेल तिथंच अर्धा व्होल्ट खाली बसतो आणि ड्रोन खाली या म्हणून ओरडायला लागतो. माझी सायकल मागते १५ अँपियर. त्याच सेलवर ०.१ व्होल्ट पडतो, म्हणजे काहीच नाही. क्षमता मोजली तर १६ पैकी १२ अँपियर-तास शिल्लक. म्हातारा बैल मोटेला नको, पण गाडीला चालतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पेटी वाकवून घेतली. तिथले मामा म्हणाले, "झाकण टाईट बसवून देतो, पाण्याचा थेंब जाणार न्हाई." त्यांना सांगून मुद्दाम खालच्या बाजूला भोकं पाडून घेतली. लायपो बिघडला की गॅस सोडतो. त्याला वाट ठेवली नाही तर आपण पेटी नाही, बॉम्ब बनवला.

चार्जिंगची जागा आईनं ठरवली. "तसलं काय घरात लावायचं न्हाई." त्यामुळं परड्यातला धुण्याचा दगड हे आमचं चार्जिंग स्टेशन. दगड, आजूबाजूला काही नाही, वर पत्रा, शेजारी वाळूची बादली. लायपो ठेवायला बाजारात आग न पकडणाऱ्या, गोणपाटासारख्या पिशव्या मिळतात, त्या घ्यायच्या का, असं दोघांनी विचारलं होतं. माझ्याकडं एक आहे, पण माझा भरवसा दगडावर जास्त. आणि चार्जर चालू असेपर्यंत मी तिथंच, खुर्ची टाकून. रेडीमेड बॅटरीत बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम) असतो, तो एकेका सेलवर नजर ठेवतो. आपल्या पॅकला तसला राखणदार नाही, ते काम आपणच करायचं.

चार्जरची सेटिंग: दोन्ही पॅक पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस), १० अँपियर, सेलला ४.२ ऐवजी ४.१ वर थांबायचं. म्हणजे पॅकला २४.६ व्होल्ट. साधारण दहा टक्के रेंज जाते, पण म्हाताऱ्या सेलला शेवटच्या त्या घोटानंच जास्त त्रास होतो. पॅरलल लावण्याआधी दोन्ही पॅकचे सेल मीटरनं बघतो. ०.०५ पेक्षा जास्त फरक असेल तर आधी कमी व्होल्टचा एकटा चार्ज करायचा, नाहीतर भरलेला पॅक रिकाम्यात धाडकन ओतायला लागतो. आधी जाड मेन प्लग, मग बॅलन्सचे. उलटं केलं तर ते ओतणं बॅलन्सच्या बारीक वायरीतून होतं.

एवढं सगळं माहीत असून ओडो ३०५ ला गाढवपणा केला. पॅक पेटीतून काढायचा कंटाळा, म्हणून जागेवरच चार्ज करायला गेलो. कंट्रोलरचा प्लग काढला, पण क आणि ख ला जोडणारी सिरीजची वायर तशीच राहिली. पॅक पॅरलल जोडायच्या बोर्डात क चा बॅलन्स प्लग बसवला. ख चा जवळ नेला, पिना टेकल्या, आणि चट् आवाज होऊन निळसर ठिणगी. सेकंदभरात काळ्या वायरीचं इन्सुलेशन मेणासारखं ओघळलं, सात पिनांतली पहिली काळी. मी हात झटकला म्हणून प्लग सुटला, नाहीतर तो वितळून तिथंच चिकटला असता.

कारण कागदावर काढलं की लगेच दिसतं. सिरीजमध्ये क चा निगेटिव्ह आणि ख चा पॉझिटिव्ह एकच बिंदू. बोर्ड मात्र दोघांचे निगेटिव्ह एकत्र आणतो. म्हणजे ख चे दोन्ही टोक एकमेकांना, मध्ये फक्त केसाएवढी वायर. तिच्या इन्सुलेशनवरच निभावलं हे नशीब. आता सिरीजच्या वायरीला लाल रिबन बांधलीय आणि ती वायर माझ्या खिशात आल्याशिवाय बोर्ड पिशवीतून बाहेर येत नाही.

(कंट्रोलरच्या बाजूला हिरव्या कड्याचा एक्सटी९० प्लग लावला. त्याच्या आतल्या रेझिस्टरमुळं कपॅसिटर सावकाश भरतात, प्लग लावताना ठिणगी नाही. साधा होता तेव्हा पिना महिनाभरात खडबडीत झाल्या होत्या.)

ओडो ४७८, पन्हाळा. हे खरं कारण या नोंदीचं.

सकाळी सहाला शिवाजी पुलावरून निघालो. केर्लीपर्यंत पॅडल मारत ९-१० वॉट-तास किलोमीटरला, मस्त. चढाचा हिशोब सोपा आहे: सायकल, मी आणि पॅक मिळून १०० किलो, १०० मीटर वर उचलायला २७ वॉट-तास, मोटरचा तोटा धरून ३५ च्या आसपास. वाघबीळ सोडलं, चढ लागला, डिस्प्लेवर अजून दोन काड्या. डिस्प्ले १३एससाठी बनवलेला, त्यामुळं माझ्या भरलेल्या पॅकलाही तो कधी पूर्ण काड्या देत नाही. त्याच्यावर विश्वास नव्हताच. वॉटमीटरवर ४२.७ व्होल्ट. कंट्रोलर ४२ ला बंद होतो, १२ सेलमध्ये भागलं तर ३.५. सगळं ठीक, असं मी धरून चाललो.

वरच्या वळणावर पाणी प्यायला थांबलो आणि सहज सेलमीटर लावला. क चे सहाही ३.७. ख चे पाच ३.७, चौथा ३.२१. लोड काढल्यावर ३.२१! चढावर तो २.९ ला गेला असणार. अकरा सेल ३.६२ नी धरले तर ३९.८, त्यात २.९ मिळवा, ४२.७. बेरीज बरोबर, कंट्रोलर खूश, आणि मधल्या मध्ये एक सेल मरत होता. वापर झाला होता ७.१ अँपियर-तास. म्हणजे तो चौथा सेल बारा नाही, जेमतेम आठचा होता. रेझिस्टन्स बघून मी सगळ्यांना एकाच तराजूत तोललं होतं. सेलनिहाय क्षमता मोजलीच नव्हती.

झुणका-भाकर खाल्ली, उतार फुकटात आलो, वाघबीळपासून घरापर्यंत पॅडल. मांड्या दोन दिवस भरून होत्या.

दुसऱ्या दिवशी ख चा पोटाकडचा भाग बोटानं दाबला तर उशीसारखा लागला. पॅक बाद. त्याच्या जागी ग आला, यावेळी सेलनिहाय मोजून: सर्वांत कमी ११.४. दोन्ही बॅलन्स प्लगला आता ३.५ वर किंचाळणारे बझर. गल्लीतली पोरं त्याला रुग्णवाहिका म्हणतात. बझर घरी आल्यावर काढायचा. तो सेलवरच चालतो, मी एकदा विसरलो तर चार दिवसांत सेल वरखाली झाले. चालवायचं नसेल तर पॅक ३.८ वर आणून ठेवतो.

फेकण्याआधी पूर्ण रिकामा करायला ख ला काल दगडावर ट्रकचा २४ व्होल्टचा हेडलाइट बल्ब जोडला. तीनेक अँपियर ओढतो, सावकाश, पॅक कोमटही होत नाही. मिठाच्या पाण्यात बुडवा म्हणणाऱ्यांनो, त्यात टोकं गंजून तुटतात आणि आत चार्ज तसाच राहतो. दोन तास बल्ब लख्ख जळला, मग तांबूस. रात्री आई भांडी ठेवायला परड्यात आली, म्हणाली, "तुझा दिवा अजून जळतोय, बंद करू का?" म्हटलं, राहू दे. सकाळी पॅक ०.६ व्होल्ट. टोकांना टेप मारून ई-कचऱ्याच्या पोत्यात टाकलाय. आता मित्राकडं अजून दोन पॅक निघालेत म्हणतोय. रविवारी सेलमीटर आणि ट्रकचा बल्ब घेऊन शिरोळला जातोय.