दोन इंच आणि एक नॉट

"एक बटण दाबले की जहाजाचा तयार आराखडा मिळतो, मग तुम्ही मध्यरात्रीपर्यंत चिलखताचे इंच कमी-जास्त करत का बसता?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी आणि इतक्या सुरांत विचारला आहे की, आता एकदाच सविस्तर उत्तर लिहून मोकळे व्हावे असे वाटते. विचारणारे बहुतेक जण स्वतः 'रूल द वेव्हज' हा नौदल चालवण्याचा आणि युद्धनौकांचे आराखडे करण्याचा संगणकीय खेळ खेळणारे आहेत. महिन्यामागून महिना सरकणारे ते आकड्यांचे कोरडे पडदे, गोदीची मर्यादा, नौदलाचा खर्च वाढला की होणारी सरकारची कुरकुर, यांविषयी त्यांना मी नव्याने काय सांगणार?

आधी एक गैरसमज दूर करतो. त्या बटणाविषयी माझ्या मनात तुच्छता नाही. त्यातून निघणारा आराखडा पुष्कळदा माझ्या आराखड्यापेक्षा समतोल असतो, आणि विनाशिका हव्या असल्या की मीही निमूटपणे तेच बटण दाबतो. माझा हट्ट फक्त मोठ्या जहाजांपुरता आहे. त्या हट्टाचे मूळ एका डावात आहे आणि तो डाव मी आजवर कोणाला नीट सांगितलेला नाही.

त्या डावात मी जर्मनी घेतला होता, तरी मोठ्या जहाजांना माझ्या सवयीप्रमाणे कोकणातल्या जलदुर्गांची नावे दिली होती. (1755 साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून जिंकून घेतलेल्या सुवर्णदुर्गाचे नाव मी इंग्रजांशी लढणाऱ्या जहाजाला का दिले, हेही मला विचारले जाते. मला ते नाव आवडते, याहून वेगळे कारण नाही.) 1913 साली मी 'सुवर्णदुर्ग' या बॅटलक्रूझरचा, म्हणजे मोठ्या तोफांच्या पण हलक्या चिलखताच्या वेगवान युद्धनौकेचा, आराखडा केला. 26 हजार टन, 13 इंची आठ तोफा, वेग 27 नॉट (म्हणजे ताशी 27 सागरी मैल) आणि टरेटवर, म्हणजे तोफांच्या फिरत्या बुरुजावर, 9 इंच चिलखत. आराखडा नियमात बसत होता, तो तिथेच मंजूर करायला हवा होता. परंतु समोरच्या इंग्रजांची नवी जहाजेही 27 नॉटचीच होती आणि मला त्यांच्याहून एक नॉट अधिक हवा होता. जहाजाला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे या एका नॉटसाठी सुमारे साडेअकरा टक्के अधिक शक्ती लागणार होती, आणि त्या यंत्रांचे वजन कोठून तरी काढणे भाग होते. काही मी डेकवरून काढले आणि उरलेले टरेटवरून. तेथे 9 ऐवजी 7 लिहिले. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे: 'वेग हेच चिलखत.' हा विचार ब्रिटिश ॲडमिरल फिशर यांचा. 'इन्व्हिन्सिबल' या बॅटलक्रूझरला त्यांनी 25 नॉटचा वेग आणि बाजूला चिलखताचा जेमतेम 6 इंचांचा पट्टा दिला होता. जर्मनांनी मात्र आपल्या 'फॉन डेर टान' या बॅटलक्रूझरला जवळजवळ 10 इंचांचा पट्टा दिला. म्हणजे जर्मनीचे नौदल हाती घेऊन मी इंग्रजांची चूक केली.

ही चूक मला ठाऊक नव्हती असेही नाही. 31 मे 1916 रोजी, पहिल्या महायुद्धातल्या जटलंडच्या लढाईत, 'इन्डिफॅटिगेबल', 'क्वीन मेरी' आणि 'इन्व्हिन्सिबल' या तिन्ही ब्रिटिश जहाजांचा स्फोट होऊन तीन हजारांहून अधिक माणसे गेली, हे मी कितीदा वाचले होते. तरीही त्या रात्री मी 7 लिहिले.

आमच्या डावातली लढाई 1916 च्या हिवाळ्यात झाली. उत्तर समुद्रावर धुके होते. माझी चार बॅटलक्रूझर एका रांगेत होती आणि आघाडीला 'सुवर्णदुर्ग' होती. शत्रू दिसला तेव्हा अंतर दहा हजार यार्डही नव्हते, त्यामुळे वेगाच्या जोरावर अंतर निवडण्याचा माझा सारा बेत धुक्यातच विरला. पहिली दहा मिनिटे मी खुशीत होतो, कारण आमचे गोळे लागत होते. मग दुसऱ्या टरेटवर गोळा बसल्याची नोंद आली आणि तिच्यापाठोपाठ दारूकोठाराचा स्फोट होऊन जहाज नष्ट झाल्याची. ना चित्र, ना आवाज. नकाशावरची एक आकृती नाहीशी झाली आणि मागच्या तीन जहाजांची रांग पुढे सरकत राहिली. मी डाव थांबवला आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. आकड्यांच्या खेळात एवढे मनाला लावून घ्यायचे काय, असे घरी विचारले गेले, त्यावर मी काही बोललो नाही.

खरा घाव नंतर बसला. लढाईची नोंद पुन्हा वाचताना लक्षात आले की, 'सुवर्णदुर्ग' त्या दिवशी एकदाही 28 नॉटने धावली नव्हती. धावणार तरी कशी? तिच्या मागची तिन्ही जहाजे 26 नॉटची होती आणि रांग सर्वांत संथ जहाजाच्या चालीने चालते. ज्या एका नॉटसाठी मी दोन इंच विकले, तो वापरण्याची वेळच आली नाही.

वहीतला तो जुना मी येथे वाद घालतो, आणि त्याचे म्हणणे मला पुरते खोडता येत नाही. इतक्या जवळून सुटलेला जड गोळा 9 इंचांतूनही आरपार गेला असता, असे तो म्हणतो. बहुधा गेलाच असता. जटलंडच्या स्फोटांमागे पातळ चिलखतापेक्षा तोफा लवकर डागण्याच्या घाईत उघडी ठेवलेली दारूकोठाराची दारे आणि टरेटमध्ये रचून ठेवलेला दारूगोळा यांचा हात अधिक होता, असे आज पुष्कळ अभ्यासक मानतात. जर्मनांच्या 'सायडलिट्झ'चे तर जानेवारी 1915 मध्ये डॉगर बँकेच्या लढाईत मागचे दोन्ही टरेट जळाले, दीडशेहून अधिक माणसे गेली, आणि तरी दारूकोठारात वेळेवर पाणी सोडल्यामुळे जहाज वाचले. मग मी दोन इंचांचे प्रायश्चित्त कशासाठी घेतो आहे? याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

एवढे मात्र सांगू शकतो, आणि हे सांगायला थोडा संकोचही वाटतो. भोसरीच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो, तेथे माझ्या प्रत्येक ड्रॉइंगवर चार सह्या असतात. काही चुकले तर ते चौघांचे मिळून चुकते, म्हणजे खरे पाहता कोणाचेच नाही. 'सुवर्णदुर्ग'च्या आराखड्यावर फक्त माझी सही होती. 1913 साली लिहिलेला 7 हा आकडा 1916 साली, गोळे पडत असताना, मला बदलता येत नव्हता. ते बटण दाबले असते तर जहाज कदाचित वाचले असते, कदाचित नसते. पण बुडाले असते तर मी बटणाला दोष देऊन झोपी गेलो असतो. निवांत झोप मिळण्यात वाईट काय, असे कोणी विचारले तर त्यालाही माझ्याकडे उत्तर नाही, आणि माझ्या या हौसेत निव्वळ आकड्यांशी चाळा करण्याची सवय किती व जबाबदारीची ओढ किती, हे मला वेगळे काढता येत नाही.

सध्याच्या डावात 1908 साल चालू आहे. नव्या बॅटलक्रूझरच्या टरेटवर मी 10 इंच ठेवले आहेत आणि वेग 25 नॉट. काल रात्री, केवळ पाहण्यासाठी म्हणून, तेथे 26 लिहून पाहिले. चारशे टन कमी पडत होते.