मोडी पत्रांचा बॅकअप: अटींची फेरतपासणी

इंदूरच्या घरी पणजोबांच्या मोडी पत्रांच्या स्कॅनची प्रत काढण्यासाठी लिहिलेल्या बॅश स्क्रिप्टमधील (लिनक्सवर क्रमाने चालणाऱ्या कमांडच्या फाइलमधील) सर्व अटी या पंधरवड्यात पुन्हा तपासल्या, आणि सर्वांत जुनी अटच चुकीची निघाली. डिस्क कोठे जोडली आहे ते सांगणाऱ्या फाइंडमाउंट कमांडने बाहेरच्या डिस्कचा मार्ग व्हेरिएबलमध्ये (मूल्य साठवणाऱ्या नावात) घ्यायचा आणि तो रिकामा नसेल (डॅश एन, म्हणजे -n) तरच पुढे जायचे, एवढीच चौकोनी कंसात लिहिलेली ती अट होती. परंतु डिस्क कपाटात असतानाही ती खरी ठरत राहिली आणि रूटच्या (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या) अधिकाराने चालणाऱ्या स्क्रिप्टने तीन आठवडे सगळी पत्रे संगणकाच्या मूळ डिस्कवरच उतरवली.

उघडणारा चौकोनी कंस हे शेलचे (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामचे) व्याकरण नसून टेस्ट या कमांडचेच दुसरे रूप आहे, हे मी वाचले होते, पण त्याचा अर्थ आता उमगला. शेल आधी व्हेरिएबलची किंमत मांडतो, मग तिचे शब्द पाडतो आणि उरलेले शब्द कमांडच्या हाती देतो. अवतरणचिन्हांत नसलेले व्हेरिएबल रिकामे असेल, तर त्याच्या जागी शब्दच उरत नाही. डॅश एन एकटा पडतो आणि एकच शब्द मिळाल्यावर टेस्ट तो रिकामा आहे का, इतकेच पाहते. डॅश एन रिकामा नाही, म्हणून उत्तर खरे येते. ‘रिकामे आहे का’ हे विचारणाऱ्या डॅश झेडच्या बाबतीतही हेच घडते, मात्र तेथे उत्तर योगायोगाने बरोबर असल्यामुळे चूक वर्षानुवर्षे दडून राहू शकते.

‘सराफा हिशेब’ अशा जागा सोडलेल्या नावाने उलटा प्रकार होतो. शब्द वाढतात, टेस्ट गोंधळून २ हा स्टेटस (कमांडच्या निकालाचा अंक; ० म्हणजे खरे, १ म्हणजे खोटे) देते, आणि इफ त्याला १ प्रमाणेच ‘खोटे’ समजून एल्सकडे (अट खोटी असतानाच्या भागाकडे) वळते. हे मला अधिक धोक्याचे वाटते.

आता प्रत्येक व्हेरिएबल दुहेरी अवतरणचिन्हांत आहे. दोन अटी ‘आणि’ने जोडणारा डॅश ए काढून दोन स्वतंत्र टेस्ट दोन अँपरसँडांनी जोडल्या आहेत, कारण पॉझिक्स या शेलसाठीच्या मानकाच्या २०२४ च्या आवृत्तीने डॅश ए आणि डॅश ओ (‘किंवा’) वगळले आहेत. डिस्कवरील मोकळ्या जागेची ५० शी तुलना मी ‘पेक्षा मोठे’ (>) या चिन्हाने केली होती. एकेरी कंसात ते रीडायरेक्शन (आउटपुट फाइलमध्ये वळवणे) ठरते, म्हणून फोल्डरमध्ये ‘५०’ नावाची शून्य बाइटची फाइल सापडली. तेथे ‘पेक्षा मोठे’ याच अर्थाचे डॅश जीटी (-gt) घातले.

दुहेरी चौकोनी कंस मुद्दाम टाळले. त्यांत शब्द फुटत नाहीत हे खरे, पण डेबियन या लिनक्स प्रणालीतील ‘डॅश’ नावाचा शेल ते ओळखत नाही आणि मला ही स्क्रिप्ट तेथेही चालवायची आहे. मुख्य अट मात्र पूर्ण बदलली: मार्ग रिकामा नाही एवढ्यावर न थांबता तेथे खरोखर डिस्क जोडली आहे का, हे माउंटपॉइंट कमांडलाच विचारले. काल डिस्क काढून स्क्रिप्ट चालवली, तेव्हा ती पहिल्याच अटीवर थांबली आणि मूळ डिस्कवर एकही फोल्डर तयार झाले नाही.