तुम्ही विचारलंत म्हणून: फिशरचे अकरापैकी अकरा

माझ्या बुद्धिबळाच्या क्लासमध्ये भिंतीवर अमेरिकन बुद्धिबळपटू बॉबी फिशरचा फोटो आहे आणि त्याखाली मी खडूनं 11/11 लिहून ठेवलंय, त्यामुळे नवीन आलेला प्रत्येक पालक, आणि हल्ली तर आठवी-नववीतली पोरंसुद्धा, एकच प्रश्न विचारतात. सर, अकराच्या अकरा डाव जिंकला म्हणजे समोरचे सगळे लिंबूटिंबूच असणार ना? विचारणाऱ्याचं काही चुकत नाही, आकडाच तसा आहे. दरवेळी चपला घालता घालता दोन मिनिटांत उरकायचं म्हणजे त्या स्पर्धेवर अन्याय होतो, म्हणून एकदाचं लिहूनच काढतो.

तर ही 1963-64 ची अमेरिकेची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा. न्यूयॉर्क, डिसेंबरात सुरू होऊन जानेवारीच्या सुरुवातीला संपली. बारा खेळाडू, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक डाव, म्हणजे अकरा फेऱ्या. फिशर वीस वर्षांचा. त्याचे 11, दुसऱ्या आलेल्या लॅरी एव्हान्सचे साडेसात आणि तिसऱ्या पाल बेंकोचे 7. त्या स्पर्धेच्या इतिहासात असा पैकीच्या पैकी निकाल तेव्हाही एकच होता आणि आजही एकच आहे.

आता लिंबूटिंबू कोण होते ते बघू. सॅम्युएल रेशेव्हस्की, लहानपणी युरोपभर प्रदर्शनी डाव खेळून मोठ्यांच्या तोंडचं पाणी पळवणारा, फिशरच्या जन्माआधीच अमेरिकेचा विजेता झालेला. एव्हान्स, तोही माजी विजेता. बेंको हंगेरीतून आलेला ग्रँडमास्टर, त्यानं दीडेक वर्षापूर्वीच कुरासाओ बेटावरच्या कँडिडेट्समध्ये, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, फिशरला हरवलं होतं. बिसगायर, 1954 चा विजेता. रॉबर्ट आणि डोनाल्ड हे बर्न बंधू. आणि ग्रँडमास्टर हा किताब तेव्हा असा गल्लोगल्ली मिळत नव्हता, तरी बारापैकी पाच जणांकडे तो होता. आणि पहिल्याच फेरीत समोर कोण, तर एडमार मेडनिस, ज्यानं आदल्याच वर्षी याच स्पर्धेत पहिल्या फेरीत फिशरला पाडलं होतं. त्याचा हिशेब चुकता केला. दुसऱ्या फेरीत एव्हान्सविरुद्ध फिशर खेळला काय, तर किंग्ज गॅम्बिट! दोन-तीन वर्षांपूर्वी स्वतःच लेख लिहून ज्या ओपनिंगचं (डावाच्या ठरावीक सुरुवातीचं) कंबरडं मोडलं असं जाहीर केलं होतं तेच. फक्त तिसऱ्या चालीला घोड्याऐवजी उंट काढला, म्हणजे लेखही खोटा नाही आणि डावही जिंकला. या माणसाचा हट्टीपणा इथेच कळतो.

पण मला खरं सांगायचंय ते तिसऱ्या फेरीबद्दल, रॉबर्ट बर्नविरुद्धचा डाव. फिशरकडे काळी मोहरी. पट मांडून बसा नाहीतर मोबाईलवर उघडा, कारण नुसतं वाचून मजा नाही. (घरांची नावं अशी: अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे पांढऱ्याच्या बाजूनं मोजलेली आडवी रांग.) चौदाव्या चालीला बर्ननं एफ1 चा हत्ती डी1 वर आणला. साधी, पाठ्यपुस्तकी चाल वाटते, पण त्यामुळे एफ2 च्या प्याद्यामागे राजाशिवाय कुणी उरलं नाही. (ए1 चा हत्ती आणला असता तर काय, यावर नंतर भरपूर खल झालाय.) फिशरनं घोडा थेट डी3 वर घुसवला, मग त्याच घोड्यानं एफ2 चं प्यादं खाल्लं, घोडा बळी. राजानं घोडा मारला, दुसऱ्या घोड्यानं जी4 वरून शह, मग त्यानं ई3 चं प्यादं उचललं. आता हा घोडा एकाच वेळी वजीर, हत्ती आणि उंट अशा तिघांवर बसलाय. वजीर बाजूला झाला. इथे माझ्या क्लासमधलं प्रत्येक पोरगं ओरडतं, सर हत्ती घ्या हत्ती! बर्नलाही तेच वाटलं होतं, असं त्यानं नंतर लिहिलंय, की हा असा हरणारा डाव का खेळतोय याचाच मी विचार करत बसलो होतो.

फिशरनं हत्ती घेतलाच नाही. जी2 चा उंट घेतला. कारण राजाच्या भोवतीची सगळी पांढरी घरं तो एकटा उंट सांभाळत होता, तो गेला की राजा उघडा. मग डी4 ला प्यादं पुढे ढकललं, लांब कर्ण मोकळा झाला, उंट बी7 वर येऊन शह, राजा एफ1, आणि एकविसावी चाल वजीर डी7. ना शह, ना काही खाल्लं, वजीर नुसता एक घर पुढे सरकला. बर्ननं डाव सोडला.

तेव्हा बर्नकडे एक घोडा जास्त होता. वेगळ्या खोलीत प्रेक्षकांना डाव समजावून सांगणारे दोन ग्रँडमास्टर होते आणि डाव संपला त्या क्षणीही दोघांचं मत बर्न जिंकतोय असंच होतं. हेही बर्ननंच लिहून ठेवलंय. पुढची लाइन अशी, की वजीर एफ2 वर बचावाला आणला तर काळ्या वजिराचा एच3 वरून शह, राजा जी1, मग हत्ती ई1 वर बळी देऊन शह, तो मारला की उंट डी4 चा घोडा खातो, पांढरा वजीर जागच्या जागी बांधला जातो आणि जी2 वर मात. आज मोबाईलमधलं इंजिन हे सेकंदात दाखवतं. समोरासमोर बसून हे दिसून डाव सोडणारा बर्न लिंबूटिंबू असेल तर मग बोलायलाच नको. त्याला ते दिसलं हे मला फिशरच्या चालींइतकंच मोठं वाटतं.

मधल्या फेऱ्या पटापट सांगतो. बिसगायर, रेशेव्हस्की, मग स्टाइनमेयर सतरा चालींत आटोपला, ॲडिसन, वाइनस्टाइन, डोनाल्ड बर्न. (हा डोनाल्ड म्हणजे तोच, ज्याला 1956 मध्ये तेरा वर्षांच्या फिशरनं वजीर देऊन हरवलं होतं. एकाच घरातले दोन भाऊ दोन अजरामर डावांत हरलेल्या बाजूला, नशीबच एकेकाचं.) दहाव्या फेरीत बेंको, त्यावर शेवटी येतो.

अकरावी फेरी, समोर अँथनी सेडी. विजेतेपद कधीच खिशात होतं. इथे आपल्याकडच्या कुठल्याही स्पर्धेत काय होतं ते तुम्हाला माहितीय, शेवटच्या फेरीत पहिल्या पटावरचे दोघं बारा-पंधरा चाली खेळतात, हात मिळवतात आणि बक्षीस समारंभाआधी चहाला जातात. मला त्याचा राग येतो असं नाही, हिशेबाची गोष्ट आहे. पण सेडीविरुद्धचा डाव घोडा विरुद्ध उंट अशा एंडगेममध्ये (मोजकी मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात) गेला, बघणाऱ्याला बरोबरीचा वाटेल असा, फिशरकडे काळी मोहरी, आणि तरी तो घासत राहिला, घासत राहिला आणि जिंकला. म्हणून माझं उत्तर असं, की समोरचे कमी नव्हते, फिशरलाच बरोबरीचा अर्धा गुण नको होता. साडेदहा झाले असते तरी एव्हान्सपेक्षा तीन गुण पुढेच होता की! सेडीनं मनात काही ठेवलं नाही हे विशेष, 1972 मध्ये जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीसाठी रेक्याविकला जायच्या आधी फिशर त्याच्याच घरी मुक्कामाला होता.

ही स्पर्धा पुढच्या इंटरझोनलसाठीची, म्हणजे कँडिडेट्सच्या आधीच्या टप्प्यासाठीची, पात्रता फेरीही होती. इतकं सगळं करून फिशर 1964 ला ॲमस्टरडॅमला गेलाच नाही, कारण कुरासाओत सोव्हिएत खेळाडूंनी आपसात बरोबऱ्या ठरवून केल्या हा त्याचा राग. तीन वर्षं पाण्यात. पुढे 1969 ची अमेरिकन स्पर्धाही तो खेळला नाही, त्यामुळे 1970 च्या इंटरझोनलला जागाच नव्हती, आणि तेव्हा स्वतःची जागा त्याला कुणी दिली, तर बेंकोनं.

आता पालकांचा दुसरा प्रश्न, मुलाला कुठला डाव आधी दाखवू? बेंकोचा. त्यात फिशरकडे पांढरी मोहरी. पांढरा वजीर एच5 वर आहे, ई4 चं प्यादं ई5 वर गेलं की एच7 वर मात आहे, पण लगेच ढकललं तर काळा एफ प्यादं दोन घरं पुढे टाकून सुटतो. हे मुलाला स्वतः शोधू दे. मग विचारा, त्या प्याद्याला अडवणार कसं? दहा-अकरा वर्षांची पोरंसुद्धा थोडं थांबून हत्तीकडे बोट दाखवतात, हत्ती एफ6 वर, अगदी प्याद्याच्या तोंडासमोर, फुकट मारायला ठेवलेला. उंटानं मारला तरी प्यादं अडकलेलंच राहतं. बर्नचा डाव त्यानंतर सहा महिन्यांनी दाखवा, आधी दाखवलात तर पोरगं पुढच्या स्पर्धेत पहिल्या फेरीपासून एफ2 वर घोडे फेकत सुटेल आणि मग तक्रार घेऊन तुम्ही माझ्याकडेच याल.