पदरी घेणे

आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ सर्वांनी भाकर आणि प्याला घेण्याचा, विधी होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील या मंडळीत पाळक (धर्मगुरू) म्हणून रुजू झाल्यावर काही महिन्यांतच माझ्या लक्षात आले की, मागच्या बाकावर बसणारे एक वृद्ध सभासद भाकरीचे तबक आपल्यापाशी आले की नुसतेच पुढे सरकवतात. पापांगीकार, म्हणजे पापांची सामुदायिक कबुली, ते सर्वांबरोबर मोठ्याने म्हणत, गीतेही गात. भाकरीला आणि प्याल्याला मात्र त्यांचा हात कधी लागत नसे. प्रकृतीचे काही पथ्य असेल, असा सोयीस्कर तर्क करून मी दोन वर्षे गप्प बसलो. ही माझी चूक होती.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या, काळात एका गुरुवारी सकाळी ते माझ्या ओसरीवर आले. "सलाम, पाळकसाहेब," एवढेच बोलून त्यांनी पिशवीतून एक जुनी वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. तीसेक वर्षांपूर्वी ते गावातील दूध संकलन केंद्रावर नोंदी लिहिण्याचे काम करीत. त्या काळी काचेच्या नळीत ॲसिड, दूध आणि अमाइल अल्कोहोल घालून ती यंत्रात फिरवीत; नळीच्या मानेत जमलेला फॅटचा थर केंद्रावरचाच माणूस वाचत असे आणि त्या आकड्यावर दुधाचा भाव ठरत असे. एका विधवा बाईच्या म्हशीच्या दुधाला सातची फॅट लागली की हे सहा पॉइंट सहा लिहीत आणि वरचे पॉइंट स्वतःच्या भावाच्या खात्यावर चढवीत. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. हे चार वर्षे चालले होते.

मी घाईने योहानाच्या पहिल्या पत्रातील पहिल्या अध्यायाचे नववे वचन काढले: आपण आपली पापे पदरी घेतली, म्हणजे कबूल केली, तर देव क्षमा करतो आणि शुद्धही करतो. आम्हा पाळकांना वचने फार लवकर आठवतात, हा आमच्या व्यवसायाचा एक दोषच म्हणावा लागेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, हे वचन मला पाठ आहे. पण दर रविवारी मी सगळ्यांत मिसळून 'आम्ही पाप केले' म्हणतो. 'मी हिची फॅट मारली' असं एकदा तरी म्हटलंय का?"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे मला सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या प्रशिक्षणाच्या विद्यालयात, शिकलेली एक गोष्ट आठवली. मराठी बायबलात जिथे 'पदरी घेणे' आहे, तिथे मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'तेच बोलणे' असा आहे. देव ज्याला चोरी म्हणतो, त्याला आपणही चोरीच म्हणणे. ते मी त्यांना सांगितले, आणि आम्ही बायबलातील जक्कय या जकातदाराची गोष्ट वाचली. येशू त्याच्या घरी उतरला तो आधी, आणि चौपट परत करण्याचे जक्कय बोलला ते नंतर, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. परतफेड ही क्षमेची किंमत असती, तर गरिबाने काय करायचे? पण वेदीपाशी अर्पण तसेच ठेवून आधी भावाशी समेट कर, हेही येशूनेच सांगितले आहे. ओसरीवर त्यांनी देवापुढे बाईंचे नाव घेऊन, आकड्यांसकट, पाप कबूल केले. मी पापक्षमेचे शब्द उच्चारले, तेव्हा त्यांच्याइतकाच माझाही आवाज कापत होता.

बाई आता हयात नाहीत. दुपारी आम्ही दोघे त्यांच्या मुलाच्या घरी गेलो. वृद्धांनी उभ्यानेच सगळे सांगितले आणि एक पाकीट पुढे केले. मुलगा बराच वेळ वही चाळत राहिला. "आईला ठाऊक होतं," तो शेवटी म्हणाला. "म्हैस तीच, पेंड तीच, मग फॅट का घसरते, हे तिला कळत नव्हतं का? पण दूध घालायला गावात दुसरं केंद्र नव्हतं."

वृद्ध मटकन खाली बसले. ज्यांची आपण फसवणूक केली त्यांना काहीच माहीत नव्हते, या समजुतीचा एवढी वर्षे त्यांना थोडा आधार होता, तोही गेला. सुनेने चहा आणून ठेवला; त्यांचा हात काही कपाकडे जाईना. "घ्या काका, निवतोय," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात माया होती की नुसती रीत, हे मी सांगू शकत नाही.

दोघांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील गाळून मी हे लिहितो आहे. पुढच्या पहिल्या रविवारी वृद्धांनी भाकर घेतली. ते पाकीट मुलाच्या घरी देवळीत तसेच आहे. "क्षमा केली" असे तो अजून म्हणालेला नाही, आणि मीही त्याला तसे म्हणायला लावलेले नाही.